एक ओझे, दोन याऱ्या

जुन्या चाळीच्या अरुंद जिन्यावरून लोखंडी कपाट वर नेताना बहुतेकांनी कधी ना कधी हात लावलेला असतो. एक जण वर, एक जण खाली. दोघांनी कपाटाची खालची कड धरलेली. जिना चढू लागताच खालचा माणूस कुरकुरायला लागतो की सगळे वजन माझ्यावरच आले. वरच्याला ते पटत नाही, कारण त्याचेही हात भरून आलेले असतात. मग तिसरा कोणी कठड्यावरून ओरडतो, "थांबा, आधी सरळ करा!" आणि चौथा म्हणतो, "उचला, उचला!" कपाट भिंतीला घासते, रंग उडतो, आणि सगळे दमून मधल्या फरशीवर बसतात.

या छोट्या प्रसंगात, जड वस्तू उचलण्याच्या शास्त्रातले जवळजवळ सगळे प्रश्न येऊन गेले आहेत. ओझे नेमके किती? ते कोणावर किती येते? ओझे तिरपे झाले तर वाटणी कशी बदलते? हुकूम कोणाचा चालायचा? पुलाची तुळई, अणुभट्टीचा घुमट किंवा मैदानाचे छप्पर उचलताना हेच प्रश्न शेकडो टनांच्या भाषेत विचारावे लागतात. तेथे रंग उडण्यावर भागत नाही.

पाचवीतली तरफ

क्रेनला आपल्याकडे ‘यारी’ असा जुना प्रतिशब्द आहे. शब्दाचा दुसरा अर्थ दोस्ती. पुढे दोन क्रेनचा विषय निघेल तेव्हा तो अर्थही कामाला येईल. बांधकामावर मात्र सगळे क्रेनच म्हणतात, तेव्हा आपणही तोच शब्द वापरू.

कोणतीही क्रेन ही मुळात तरफ आहे. पुढे झुकलेल्या लांब बाहूला ‘बूम’ म्हणतात. त्याच्या टोकाला भार, मागे प्रतिभाराचे ठोकळे, आणि टेकू म्हणजे क्रेनच्या पसरलेल्या पोलादी पायांची भाराकडची कड. भार आणि त्याचे टेकूपासूनचे आडवे अंतर यांचा गुणाकार म्हणजे आघूर्ण. पुढचे आघूर्ण मागच्यापेक्षा मोठे झाले की क्रेन पुढे कलंडणार. विद्यार्थ्यांना हे सारे ठाऊक असते. मात्र त्याचा एक परिणाम त्यांना सहसा कोणी सांगत नाही. ‘पाचशे टनी क्रेन’ पाचशे टन कधीच उचलत नाही, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही! मोठ्या फिरत्या क्रेनच्या नावातला आकडा साधारणपणे जेमतेम तीन मीटर अंतरावरचा असतो. एवढ्या जवळ भार आला तर तो क्रेनच्याच अंगाला लागायचा. तीच क्रेन बाहू लांब करून पन्नास-साठ मीटरवर गेली की तिची ताकद काही टनांवर येते.

म्हणून प्रत्येक क्रेनसोबत एक तक्ता येतो. बाहूची लांबी किती, भाराचे अंतर किती, प्रतिभार किती, पाय किती पसरलेले, यावरून किती टन उचलता येतील ते त्यात दिलेले असते. हा तक्ता वाचता येणे ही या धंद्यातली बाराखडी आहे. तक्त्यातले आकडे दोन वेगवेगळ्या कारणांनी ठरतात. जवळच्या अंतरावर पोलादाची ताकद आधी संपते, तर दूरच्या अंतरावर तोल आधी जातो. दुसऱ्या प्रकारात चालकाला मागचे पाय हलके झाल्याचे निदान जाणवू शकते. पहिल्या प्रकारात पोलाद सहसा कोणतीही पूर्वसूचना देत नाही.

मोठेपणाची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण घेऊ. इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यात हिंकली पॉइंट येथे अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू आहे. तेथे ‘बिग कार्ल’ या टोपणनावाची बेल्जियन कंपनीची क्रेन वापरली गेली. तिची कमाल क्षमता ५,००० टन सांगितली जाते, पण तिच्या कामाचा खरा आकडा आघूर्णाचा आहे, २,५०,००० टन-मीटर. बाहू सुमारे अडीचशे मीटर उंच पोचतो आणि प्रतिभार ५,००० टनांहून अधिक आहे. १५ डिसेंबर २०२३ रोजी तिने अणुभट्टीच्या इमारतीवर २४५ टनांचा पोलादी घुमट बसवला. एवढ्याशा वजनाला एवढी अवाढव्य क्रेन का? घुमटाचा व्यास ४७ मीटर आणि इमारतीची उंची ४४ मीटर. एवढ्या रुंद वस्तूला इमारतीच्या मधोमध नेऊन ठेवायचे तर क्रेन भिंतीपासून बरीच लांब उभी राहणार, आणि अंतराने गुणले की २४५ चे काय होते ते आता वेगळे सांगायला नको.

वजन आधी मोजा

ओझे किती आहे हे ठाऊक नसताना उचलायला जाणे ही सर्वांत जुनी चूक. ती टाळल्याचे एक सुंदर उदाहरण चारशेहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे. रोममध्ये व्हॅटिकनजवळ इजिप्तमधून आणलेला ग्रॅनाइटचा एकसंध स्तंभ उभा होता. तो सेंट पीटर चर्चच्या समोरच्या चौकात हलवण्याचे काम १५८६ साली दोमेनिको फोंताना या वास्तुविशारदाकडे आले. एवढा स्तंभ तोलणारा काटा कोठे असणार? फोंतानाने त्याच जातीच्या दगडाचा एक घन वितीचा ठोकळा घडवून घेतला. त्याचे वजन ८६ रोमन पौंड भरले. मग स्तंभाची मापे घेऊन घनफळ काढले आणि गुणाकार केला. उत्तर आले सुमारे ९,६३,५०० पौंड, म्हणजे आजच्या मापाने जवळजवळ ३२७ टन. घनतेचा धडा शिकवताना याहून चांगली गोष्ट मिळणार नाही.

पुढचा हिशेब त्याने असा केला. घोडे जुंपलेला एक उभा रहाट, दोरखंड आणि कप्प्यांच्या साह्याने २०,००० पौंड उचलेल. असे ४० रहाट म्हणजे ८,००,००० पौंड. उरलेल्या भारासाठी पाच मोठ्या तरफा. ३० एप्रिल १५८६ रोजी नऊशेहून अधिक माणसे आणि ७५ घोडे एकाच वेळी कामाला लागले आणि स्तंभ जुन्या बैठकीवरून सुटला. १० सप्टेंबर रोजी तो नव्या जागी उभा राहिला. या चाळीस रहाटांना फोंतानाने एकसारखे कसे ओढायला लावले, ते पुढे येईलच.

ओझ्याची वाटणी

आता दोन क्रेनकडे वळू. एकाच क्रेनने काम होत असेल तर कोणताही शहाणा इंजिनिअर दुसरी आणत नाही. पण तुळई फार लांब असली, जागा अडचणीची असली किंवा आडवी आणलेली वस्तू उभी करायची असली, की दोन क्रेन जोडीने लावाव्या लागतात.

समजा, ४० मीटर लांबीची २०० टनांची तुळई दोन टोकांना धरून उचलायची आहे. गुरुत्वमध्य बरोबर मधोमध असेल तर प्रत्येक क्रेनवर १०० टन. पण एका टोकाला जादा पट्ट्या जोडल्यामुळे गुरुत्वमध्य दोनच मीटर सरकला असेल तर? एका टोकाभोवती आघूर्णे घ्या. जवळच्या क्रेनवर २०० × २२ ÷ ४०, म्हणजे ११० टन येतात आणि दुसरीवर ९०. चाळीस मीटरांत दोन मीटर म्हणजे काहीच नाही असे डोळ्यांना वाटते, पण क्रेनला दहा टनांचा फरक पडला. म्हणून जोडीने उचलताना प्रत्येक क्रेनकडून तिच्या तक्त्यातल्या आकड्याच्या सुमारे ७५ टक्केच काम घ्यावे असा दंडक अनेक ठिकाणी पाळतात. उरलेला चतकोर भाग आपल्या अज्ञानासाठी राखून ठेवलेला असतो, असे म्हणायला हरकत नाही.

आता पुन्हा कपाटाकडे जाऊ. खालचा माणूस कुरकुरत होता, तो खरेच बोलत होता का? होय. दोघांनी कपाट खालच्या कडेला धरले होते, म्हणजे गुरुत्वमध्य त्यांच्या हातांच्या वर होता. कपाट तिरपे होताच गुरुत्वमध्य खालच्या टोकाकडे सरकतो आणि खालच्या माणसाचा वाटा वाढतो. उलट, ओझे वरच्या बाजूला धरून टांगले असेल, म्हणजे गुरुत्वमध्य धरण्याच्या जागांच्या खाली असेल, तर तिरपे होताना तो वर गेलेल्या टोकाकडे सरकतो. तेव्हा वरच्यावर जास्त भार येतो. क्रेनच्या बाबतीत याचा अर्थ असा की जी क्रेन घाई करून पुढे उचलते, तिलाच घाईचा भुर्दंड पडतो.

हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. दोन ताणकाटे घ्या. जाड पुठ्ठ्याची किंवा फळीची एक रुंद पट्टी घेऊन तिच्या वरच्या कडेला दोन टोकांशी भोके पाडा आणि तेथे काटे अडकवून दोन मुलांना ती आडवी उचलायला सांगा. काट्यांवरचे आकडे तिसऱ्याने लिहून घ्यावेत. मग एकाने हळूहळू हात वर न्यावा. फरक नीट दिसण्यासाठी पट्टी लांबीच्या मानाने चांगली रुंद हवी. त्यानंतर तीच पट्टी खालच्या कडेच्या भोकांतून धरायची. अशी धरली की ती उलटायला बघते, म्हणून चौथ्या मुलाने तिला बोटांनी नुसता अलगद आधार द्यावा. आकडे कोणाच्या बाजूने झुकतात ते मुलांनी आधी ओळखायचे आणि मग पाहायचे. शेवटी दोघांना एकमेकांकडे न बघता, नुसत्या तोंडी सूचनेवर पट्टी एक फूट वर न्यायला सांगा. आकड्यांची उडणारी तारांबळ पाहिली की पुढचा भाग समजावून सांगावा लागणार नाही.

तिरपेपणापेक्षाही वाईट गोष्ट म्हणजे दोर तिरपा होणे. दोन क्रेन एकमेकींच्या थोड्या जवळ आल्या किंवा दूर गेल्या की त्यांचे दोर उभे राहत नाहीत. १०० टनांचा भार असलेला दोर फक्त ३ अंशांनी कलला तरी बाहूच्या टोकाला सुमारे सव्वापाच टनांची आडवी ओढ लागते. क्रेनचा बाहू वरून येणारा भार पेलण्यासाठी बनवलेला असतो. बाजूच्या ओढीला तो फार नाजूक असतो. उभी काठी डोक्यावर दाबून पाहा आणि मग बाजूने ढकलून पाहा, म्हणजे कल्पना येईल. शिवाय एका चालकाला आपल्या काट्यावरचा आकडा दिसतो, शेजारच्याचा दिसत नाही. त्याचे काम हलके झाले याचा अर्थ दुसऱ्याचे जड झाले, हे त्याला तिथे बसून कळायचे कसे?

जमिनीबद्दल दोनच वाक्ये. क्रेनचे वजन आणि भार मिळून एकेका पायाखाली साठ-सत्तर टन सहज येतात, आणि आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यानंतर साधी खुर्चीही रुतते. म्हणून पायाखाली लाकडी किंवा पोलादी फळ्यांची मोठी बैठक घालून दाब पसरवावा लागतो आणि त्याआधी खाली जुने गटार किंवा विहीर नाही ना, हे कोणीतरी तपासावे लागते.

वाऱ्याचा वाटा

१४ जुलै १९९९. अमेरिकेत मिलवॉकी शहरात मिलर पार्क या बेसबॉल मैदानाचे सरकते छप्पर बांधले जात होते. ‘बिग ब्लू’ नावाची सुमारे १७० मीटर उंचीची क्रेन छपराचा साडेचारशे टनांहून अधिक वजनाचा तुकडा वर नेत होती. दुपारी वारा वाढला होता. ताशी ३२ किलोमीटरच्या पुढे, झोत त्याहूनही जोराचे. क्रेनच्या वाऱ्याच्या मर्यादेचा विचार झाला होता, पण हवेत लटकलेल्या त्या प्रचंड तुकड्यावर वारा किती जोराने ढकलेल याचा हिशेब कोणी मांडलेला नव्हता. क्रेन कोसळली. शेजारच्या दुसऱ्या क्रेनला टांगलेल्या पाळण्यातून तीन कामगार हे काम पाहत होते. ते तिघे मृत्युमुखी पडले. मैदान खुले व्हायला २००१ साल उजाडले.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कल्पनेसाठी ३०० चौरस मीटरचा एक सपाट पत्रा वाऱ्याला आडवा टांगला आहे असे धरू. ताशी ३२ किलोमीटर वाऱ्यात त्याच्यावर पावणेदोन-दोन टनांच्या वजनाएवढे बल लागेल. वारा ताशी ४३ किलोमीटर झाला, म्हणजे तिसऱ्या हिश्शाने वाढला, तर बल सव्वातीन टनांच्या आसपास जाते. शेकडो टनांच्या भारापुढे तीन टन काय, असे वाटेल. पण ते आडवे आहेत आणि उंच बाहूच्या टोकाशी लागलेले आहेत. शंभर मीटर उंचीवर तीन टन आडवे म्हणजे तळाशी ३०० टन-मीटर, आणि तेही बाहू ज्या दिशेला दुबळा असतो त्या दिशेत. हिंकलीचा घुमट वारा पडलेल्या वेळेची वाट पाहून का उचलला, ते यावरून लक्षात येते. तो काही सपाट पत्रा नाही, पण ४७ मीटर रुंद आणि १४ मीटर उंच वस्तूला वारा सहजासहजी सोडत नाही.

पाण्यावर उभी क्रेन

३ ऑगस्ट २०१५ रोजी नेदरलँड्समधल्या आल्फन गावात जे घडले, त्याचे चित्रीकरण अनेकांनी पाहिले असेल. जुन्या ऱ्हाइन नदीवरच्या युलियाना पुलाचा उघडझाप करणारा भाग आणला होता. तो बसवण्यासाठी दोन फिरत्या क्रेन तराफ्यांवर उभ्या केल्या होत्या. नदी अरुंद, काठाला लागून घरे. पुलाचा भाग दोन्ही क्रेननी हवेत उचललेला असताना त्यांचा तोल गेला आणि क्रेन व पूल दोन्ही काठावरच्या घरांवर पडले. घरे चिरडली गेली. माणूस एकही मेला नाही. एक कुत्रा मात्र सापडला. माणसे वाचली यात कोणाच्याही नियोजनाचा वाटा नव्हता.

तराफ्यावर क्रेन उभी केली की तीन गोष्टी एकदम बदलतात. पहिली, टेकू हलता होतो. जमीन बहुतेक वेळा जागेवर राहते. तराफा मात्र भार ज्या बाजूला जाईल त्या बाजूला कलतो. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. तराफ्यावर ठेवलेली वस्तू दोराने उचलली, अगदी बोटभर उचलली, की तोलाच्या हिशेबात तिचे सगळे वजन बाहूच्या टोकाशी गेल्यासारखे होते. वस्तू आहे तिथेच दिसते, पण कलताना ती दोराच्या वरच्या टोकाखाली लोंबणार. म्हणून सगळ्या संचाचा गुरुत्वमध्य एका क्षणात वर जातो. होडीत बसलेला माणूस एकदम उभा राहिला की होडी का डगमगते, ते आठवा.

हाही प्रयोग सोपा आहे. परातीत पाणी घेऊन त्यात प्लॅस्टिकचा उथळ डबा तरंगत ठेवा. डब्याच्या मधोमध साबणाच्या वडीत स्वेटर विणायची सुई उभी रोवा. एक मोठा नट आधी डब्याच्या तळाशी ठेवून डबा बोटाने कलवून पाहा. तो परत सरळ होईल. मग तोच नट दोऱ्याने सुईच्या टोकाला असा टांगा की तो तळाला जवळजवळ टेकलेला राहील. आता पुन्हा कलवा. नटाची उंची बदललेली नाही, तरी डबा किती चटकन हार मानतो ते पाहून मुले चकित होतात.

तिसरी गोष्ट म्हणजे एका चुकीतून दुसरी मोठी चूक जन्माला येते. समजा, बाहूचे टोक पाण्यापासून ४० मीटर उंच आहे आणि तराफा भाराच्या बाजूला २ अंश कलला. टोक जवळजवळ १.४ मीटर पुढे गेले, त्यासोबत भारही गेला. ५० टनांच्या भाराचे आघूर्ण ७० टन-मीटरनी वाढले. त्यामुळे तराफा आणखी कलणार, टोक आणखी पुढे जाणार. तराफा रुंद असेल तर पाणी या साखळीला कोठेतरी थांबवते. कलण्याला विरोध करण्याची आयताकृती तराफ्याची ताकद त्याच्या रुंदीच्या घनाबरोबर वाढते. रुंदी दुप्पट तर ताकद आठपट. अरुंद तराफ्यात ती साखळी थांबत नाही. त्यात दोन क्रेन एकाच ओझ्याने एकमेकींना बांधलेल्या असल्या, की एकीचे कलणे दुसरीच्या दोरातून तिच्यापर्यंत पोचते.

डच सुरक्षा मंडळाने या अपघाताची चौकशी करून २०१६ मध्ये अहवाल दिला. मांडणीच मुळात अस्थिर होती आणि चुकीला जागाच ठेवलेली नव्हती, असे त्यातून दिसते. मला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. या कामात अनेक पक्ष होते: पुलाचे काम करणारे, क्रेनवाले, तराफ्यांचे काम पाहणारे, स्थानिक प्रशासन. प्रत्येकाने आपला तुकडा पाहिला आणि उरलेले दुसऱ्याने पाहिले असेल असे धरले. काठावरच्या घरांत राहणाऱ्या माणसांचा विचार कोणाच्याच तुकड्यात बसला नाही. क्रेन आणि तराफा मिळून जी एक वस्तू तयार झाली होती, तिचा समग्र हिशेब करणारा कोणी नव्हता.

पाण्याशी नीट बोलणी केली तर ते मदतही करते. मुंबईचा सागरी किनारा रस्ता वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडण्यासाठी १३६ मीटर लांबीची, सुमारे दोन हजार टनांची धनुष्याकृती कमान २६ एप्रिल २०२४ च्या पहाटे बसवली गेली. तिचे सुटे भाग अंबाल्याहून आणून न्हावा येथे जोडले होते आणि तयार कमान तराफ्यावरून समुद्रमार्गे वरळीला आली. एवढे वजन क्रेनने न उचलता भरती-ओहोटीवर सोपवले. भरतीला कमान खांबांच्या माथ्यावर नेऊन उभी करायची आणि ओहोटीबरोबर तराफा खाली गेला की ती आपोआप बैठकीवर उतरते. त्यानंतर मे महिन्यात अडीच हजार टनांची दुसरी कमान बसली. यात यंत्राच्या ताकदीपेक्षा पंचांग आणि घड्याळ यांना जास्त मान आहे. पाणी कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे तराफ्याचा खलाशी, सर्वेक्षक आणि खांबावर उभे असलेले जोडारी या सगळ्यांना एकाच वेळापत्रकात बसावे लागते.

थांबा कोण म्हणणार?

फोंतानाने चाळीस रहाट एकसारखे कसे चालवले? प्रत्येक रहाटाला क्रमांक दिला होता. प्रत्यक्ष उचलण्याआधी थोडे थोडे ओढून सगळे दोर सारखे ताणले आहेत ना, हे पाहिले होते. तुतारी वाजली की ओढायचे आणि घंटा वाजली की थांबायचे, एवढाच हुकूम. कामाच्या आवारात येऊन अडथळा आणणाऱ्याला जबर शिक्षा जाहीर झाली होती. गर्दीतला एक खलाशी शिक्षेची पर्वा न करता "दोरांवर पाणी टाका" असे ओरडला आणि त्याने काम वाचवले, अशी गोष्ट तेथे सांगतात. ती बहुधा आख्यायिकाच आहे, पण ती टिकून राहिली यातही काही अर्थ असावा.

आपल्या बंदरांत आणि बांधकामांवर आजही ‘हाबेस’ म्हटले की वर घ्यायचे आणि ‘आरिया’ म्हटले की खाली सोडायचे. ‘आरिया’ हा शब्द पोर्तुगीजांच्या गलबतांवरून आला. वेगवेगळ्या भाषांतले खलाशी एका दोरावर काम करीत, तेव्हा असे मोजके, एकमेकांत न मिसळणारे शब्दच उपयोगी पडत. आजच्या मोठ्या कामात बिनतारी यंत्रे आली तरी नियम तोच आहे: उचलण्याची सूचना एकाच माणसाने द्यायची. मात्र ‘थांबा’ ही सूचना कोणीही दिली, अगदी झाडूवाल्याने दिली तरी, चालकाने आधी थांबायचे आणि मग कारण विचारायचे. फोंतानाच्या काळी ही मुभा नव्हती.

मोठ्या प्रकल्पात खास क्रेनची कंपनी बाहेरून बोलावतात तेव्हा एक करार आधी स्पष्ट व्हावा लागतो. क्रेन नुसती भाड्याने घेतली आहे की उचलण्याचे संपूर्ण काम सोपवले आहे? पहिल्या प्रकारात क्रेनवाला यंत्र आणि चालक देतो. वजन किती, कोठे धरायचे, जमीन कशी, वारा किती चालेल, ही जबाबदारी घेणाऱ्याची असते. दुसऱ्या प्रकारात ती सगळी क्रेनवाल्याकडे जाते. कागदावर फरक स्पष्ट असतो. जागेवर मात्र दोन्ही बाजूंना ‘ते त्यांनी पाहिले असेल’ असे वाटू शकते. आपल्याकडे लहानसहान कामाला तासावर बोलावलेल्या हायड्रा क्रेनपुढे वजन ‘अंदाजे’ सांगितले जाते, हे कोणत्याही बांधकामावर थोडा वेळ उभे राहिल्यास ऐकू येईल. अंदाज कमी निघाला तर काय, हे तेव्हा कोणी विचारत नाही.

आणि किंमत कोण मोजते? ३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया बसवणारे अजस्र यंत्र कोसळले आणि वीस जण ठार झाले. त्यांच्यातले अनेक जण घरापासून शेकडो मैल दूर कामाला आलेले होते. कागदपत्रांवर सह्या करणारे आणि उचललेल्या ओझ्याखाली उभे राहणारे सहसा वेगळे असतात.

हिंकलीचा घुमट उचलून बसवायला तासाभराहून थोडासाच जास्त वेळ लागला. त्यामागे महिनोन् महिन्यांचे आराखडे होते. घुमट भिंतीला टेकला तरी काम संपत नाही. जड ओझ्याने वाकलेला बाहू, ओझे उतरू लागले की सरळ व्हायला बघतो आणि दोर जागा सोडतो. ओझे एकदम सोडले तर क्रेनला झटका बसतो. म्हणून भार टप्प्याटप्प्याने भिंतीवर द्यायचा, प्रत्येक टप्प्यावर थांबून घुमट जागेवर आहे ना ते मोजायचे, आणि काट्यावर फक्त आकडी आणि दोरांचे वजन उरले की मगच बिजागऱ्यांच्या खिळी काढायला माणसे वर पाठवायची.